काचेचे खिसे

सन १८८६ च्या मार्च महिन्यांत पंडिता रमाबाई फिलाडेल्फियास पोंचल्या त्या आनंदीबाई जोशी यांचा पदवीदानसमारंभ पाहण्यासाठीं. पाहुण्या म्हणून गेलेल्या बाई अमेरिकेंत अडीच वर्षांहून अधिक राहिल्या, आणि या अवधींत त्यांनीं जी खटपट केली तिला आजच्या भाषेंत 'परदेशी निधीचें संशोधन' असेंच नांव द्यावें लागेल. हिंदु विधवांसाठीं एक शाळा काढावयाची होती. तिला पैसा लागणार होता. तो कोण देईल, तो कोठें राहतो, पूर्वीं असल्या कामास त्यानें कांहीं दिलें आहे काय, हें सांगणारी यादी बाईंच्या हातीं नव्हती. एकीनें दुसरीच्या नांवें चिठ्ठी द्यावी, दुसरीनें आपल्या पाद्रीसाहेबांची गांठ घालून द्यावी, त्यांनीं एखादें व्याख्यान ठरवावें, आणि व्याख्यानास जमलेल्या मंडळींपैकीं कोणाच्या तरी मनांत दया उपजावी, हाच काय तो मार्ग. १८८७ सालीं 'दि हाय-कास्ट हिंदु वुमन' हें त्यांचें पुस्तक निघालें. त्याच्या विक्रीचा पैसाही याच कामीं आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बोस्टन शहरीं 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली आणि तिनें दहा वर्षें शाळेचा खर्च चालविण्याचें पत्करलें. ठिकठिकाणच्या 'रमाबाई मंडळां'नीं वर्गणी गोळा करून बोस्टनला धाडावी अशी व्यवस्था ठरली, आणि मार्च १८८९ मध्यें मुंबईस शारदा सदन उघडलें.

या कथेची दुसरी बाजू पुणेकर वाचकांस ठाऊक आहे. सदन पुण्यास आल्यावर, १८९३ सालीं, तेथील मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढलें जात आहे अशी ओरड झाली. न्यायमूर्ति रानडे आणि डॉ. भांडारकर यांनीं सल्लागार मंडळाचा संबंध सोडला, पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. तो वाद येथें पुन्हां उगाळण्याचें प्रयोजन नाहीं. त्यांतला एकच प्रश्न आम्हांला उचलावयाचा आहे. 'हा पैसा कोण देतो, आणि कशासाठीं देतो?' असें पुण्यांतील गृहस्थांनीं विचारलें तें संशयानें. सात वर्षांपूर्वीं अक्षरशः हाच प्रश्न रमाबाईंनीं फिलाडेल्फियांत विचारला होता, तो आशेनें.

याचक आणि संशयी या दोघांचें एकमेकांशीं पटणें कठीण. पण दोघांना पाहावयाची असते ती वही एकच; दात्याची. आणि तिचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. ही वही याचकाची सोय व्हावी म्हणून क्वचितच कोणीं उघडली. ती संशयी माणसानें ओढून उघडली, आणि याचक मागाहून येऊन ती वाचूं लागला. आज घरबसल्या संगणकावर परदेशी अनुदानांचा शोध करणाऱ्या आमच्या तरुण संशोधकांना, आपण वाचतों ती माहिती कोणाच्या भांडणांतून निर्माण झाली याची बहुधा कल्पना नसते; म्हणून ती हकीकत थोडी सविस्तर सांगण्याचें योजिलें आहे.

विलायतेचें उदाहरण जुनें आहे. तें थोडक्यांत सांगून पुढें जाऊं. १६०१ च्या कायद्यानें धर्मादाय कामें कोणतीं याची यादी केली, पण धर्मादाय निधि किती आणि ते कोणाच्या हातीं आहेत याची यादी देशांत नव्हती. १८१८ सालीं हेन्री ब्रूम यांच्या खटपटीनें चौकशीमंडळ नेमलें गेलें, आणि पुढें १८३७ पर्यंत हें काम गांवोगांव चालूं राहिलें. जुनीं मृत्युपत्रें, जमिनींचे दाखले, विश्वस्तांचे हिशेब तपासतांना शाळेंत विद्यार्थी नाहींत पण मास्तरांचें वेतन मात्र बिनबोभाट चालूं आहे असलेही प्रकार उघडकीस आले. १८५३ त कायमचे धर्मादाय आयुक्त आले. तरीसुद्धां वाटेल त्यानें येऊन पाहावी अशी सर्व देशाची नोंदवही उघडण्यास १९६० चा कायदा उजाडावा लागला. सरकारला घाई नव्हती, आणि विश्वस्तांना तर मुळींच नव्हती.

अमेरिकेंत हा प्रश्न एका पिढींत पेटला, कारण तेथें पैसा थोड्या हातांत आणि थोड्या वर्षांत जमला. रसेल सेज या धनिकाच्या विधवेनें १९०७ सालीं एक कोटि डॉलर देऊन नवऱ्याच्या नांवें फाउंडेशन काढलें. १९११ त कार्नेगी कॉर्पोरेशन निघालें. जॉन डी. रॉकफेलर यांची इच्छा आपल्या फाउंडेशनला खुद्द काँग्रेसची सनद मिळावी अशी होती, आणि त्यासाठीं १९१० त बिलही मांडलें गेलें. पण हा काळ मोठा अडचणीचा होता. ज्या सरकारनें स्टँडर्ड ऑइल कंपनी फोडण्यासाठीं खटला चालविला होता त्याच सरकारपाशीं त्या कंपनीचा धनी दानधर्माची सनद मागत होता! बिल तीन वर्षें घोळलें आणि बुडालें. अखेर मे १९१३ मध्यें न्यूयॉर्क संस्थानानें सनद दिली. पुढच्याच वर्षीं, एप्रिल १९१४ त, कोलोरॅडोंतील लडलो येथें संपावर गेलेल्या खाणकामगारांच्या तंबूंवर गोळीबार झाला, तंबूंना आग लागली, आणि तींत बायकामुलें मेलीं. ज्या कंपनीशीं हा संप होता तिच्यावर ताबा रॉकफेलर घराण्याचा. त्याच वर्षीं फाउंडेशननें मजूर आणि मालक यांच्या संबंधांचा अभ्यास करण्यासाठीं मॅकेंझी किंग या गृहस्थांस नेमलें. हेच पुढें कॅनडाचे पंतप्रधान झाले. हा अभ्यास शास्त्रासाठीं कीं मालकाच्या बचावासाठीं, असें लोक विचारूं लागले यांत नवल नाहीं. फ्रँक वॉल्श यांच्या अध्यक्षतेखालील औद्योगिक संबंध आयोगापुढें १९१५ सालीं रॉकफेलर पितापुत्रांना आणि कार्नेगींनाही साक्षीस यावें लागलें. साक्षी गाजल्या, वर्तमानपत्रें भरलीं. फाउंडेशनांना बांधणारा कायदा मात्र झाला नाहीं.

याच १९१५ सालीं रसेल सेज फाउंडेशनच्या ग्रंथालयानें अमेरिकेंतील फाउंडेशनांची एक लहानशी यादी छापली. पुढें तिच्या वाढत्या आवृत्त्या निघाल्या, १९३० नंतर दुसऱ्या संस्थांनींही असल्या याद्या काढल्या. पण या साऱ्या याद्यांचें मर्म एकच होतें. फाउंडेशननें आपण होऊन सांगितलें तेवढेंच त्यांत येई. पुष्कळांना कांहींच सांगावयाचें नसे. दात्याला आपलें नांव दगडावर कोरलेलें चालतें, यादींत छापलेलें चालत नाहीं. कारण दगडाखालीं पत्ता नसतो. पत्ता छापला कीं दारांत रांग लागणार, ही भीति प्रामाणिक होती असें आम्ही मानतों. पण रांग टाळावयाची म्हणून दार कोठें आहे हेंच न सांगणें, आणि त्याच वेळीं सार्वजनिक कार्याच्या नांवाखालीं करमाफी घेत राहणें, या दोन गोष्टी फार दिवस एकत्र नांदणें शक्य नव्हतें.

त्या नांदेनाशा झाल्या त्या कम्युनिझमच्या भीतीच्या दिवसांत. १९५२ सालीं प्रतिनिधिगृहानें जॉर्जियाचे सभासद यूजीन कॉक्स यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. फाउंडेशनांचा पैसा राष्ट्रद्रोही कामांकडे वळतो आहे काय, हा तिचा विषय. समितीनें फाउंडेशनांकडे लांबलचक प्रश्नावल्या धाडल्या, साक्षी घेतल्या, आणि जानेवारी १९५३ मध्यें एकंदरींत त्यांना निर्दोष ठरवून, हिशेब लोकांपुढें अधिक उघडे असावेत अशी शिफारस केली. कॉक्स स्वतः अहवालापूर्वींच वारले होते. एवढ्यानें समाधान न झाल्यामुळें टेनेसीचे कॅरोल रीस यांनीं दुसरी समिति नेमवून घेतली. तिचें काम पहिलीपेक्षां पुष्कळच कडवट झालें, सभासदांत आपसांत खटके उडाले, आणि डिसेंबर १९५४ चा तिचा अहवाल तीन विरुद्ध दोन अशा मतांनीं फाउंडेशनांच्या विरुद्ध गेला.

कॉक्स समितीपुढील साक्षींत कार्नेगी कॉर्पोरेशनच्या विश्वस्तमंडळाचे अध्यक्ष रसेल लेफिंगवेल यांचे उद्गार पुढें म्हणीसारखे झाले. फाउंडेशनचे खिसे काचेचे असावेत, असें ते म्हणाले. खिशांत काय आहे हें येणाऱ्याजाणाऱ्यास दिसावें. हे लेफिंगवेल मॉर्गन पेढीचे भागीदार होते, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे या वाक्याची किंमत कळते. सावकारी पेढीवर आयुष्य काढलेल्या माणसानें काचेच्या खिशाची भाषा बोलावी ती हौसेनें नव्हे. अपारदर्शक खिसा फाडला जातो हें त्यांनीं ओळखलें होतें.

बोलण्याप्रमाणें कृतिही झाली. कार्नेगी कॉर्पोरेशननें पुढाकार घेऊन १९५६ सालीं न्यूयॉर्क येथें 'फाउंडेशन लायब्ररी सेंटर' स्थापन केलें. त्याचें प्रमुखपद एफ. इमर्सन अँड्रूज यांच्याकडे आलें. हे रसेल सेज फाउंडेशनांत १९२८ पासून काम करीत होते, आणि जुन्या याद्यांचे कागद त्यांच्या हाताखालून गेलेले. देशांत एक खोली असावी, तींत सर्व फाउंडेशनांची माहिती फाइलींत लावलेली असावी, आणि आंत येणाऱ्याला 'तूं कोण' असें विचारूं नये, अशी ही कल्पना. त्या खोलींत काँग्रेसचा चौकशी-कारकून बसे, वर्तमानपत्राचा बातमीदार बसे आणि पैसे शोधणारा प्राध्यापकही बसे. आमच्या मतें विसाव्या शतकांतल्या ग्रंथालयांच्या इतिहासांत या खोलीला मानाचें स्थान आहे, जरी तिच्यांत वाचनीय असें एकही पुस्तक नसलें तरी.

माहिती येई कोठून? दात्यांच्या कृपेवर विसंबण्याचे दिवस सरत आले होते. १९५० च्या करविषयक कायद्यानें करमुक्त संस्थांनीं सरकारला भरून द्यावयाच्या तक्त्याचा कांहीं भाग लोकांना पाहण्यास खुला केला होता. हे तक्ते कर-खात्याच्या कचेऱ्यांत पडून असत. अँड्रूज यांच्या मंडळींनीं ते उकरून काढण्याचा सपाटा लावला. १९६० सालीं 'फाउंडेशन डिरेक्टरी' या निर्देशिकेची पहिली आवृत्ति निघाली तींत पांच हजारांहून अधिक फाउंडेशनांच्या नोंदी होत्या. त्यांपैकीं कित्येकांनीं आपलें नांव कधीं छापून येईल अशी अपेक्षाही केली नसेल.

तरी तक्ते अपुरेच होते, आणि ते पुरे करविण्याचें श्रेयही पुन्हां एका संशयी माणसाचें आहे. टेक्ससचे राइट पॅटमन हे १९६१ पासून फाउंडेशनांच्या मागें हात धुऊन लागले. करमाफीच्या पडद्याआड घरचे धंदे चालवितात, कंपन्यांचे भाग दडवून ठेवितात, असे त्यांचे आरोप. अहवालामागून अहवाल त्यांनीं काढले. सर्व आरोप खरे नव्हते, पण पुरेसे खरे होते. १९६९ च्या कायद्यानें फाउंडेशनांच्या उत्पन्नावर थोडासा कर बसविला, दर वर्षीं कांहीं ठराविक रक्कम वांटलीच पाहिजे असें बंधन घातलें, विश्वस्तांनीं आपल्याच निधीशीं देवघेव करण्यास मनाई केली, आणि वार्षिक हिशेब लोकांना पाहण्यास ठेवावा असा दंडक केला. हे तक्ते पुढें बारीक चित्रफितीचा तुकडा बसविलेल्या कार्डांवर मिळूं लागले, आणि देशभरच्या ग्रंथालयांतून ते यंत्राखालीं धरून वाचण्याची सोय झाली.

या तक्त्याविषयीं चार शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण शोध करणाराचें खरें भांडवल तोच. फाउंडेशनच्या पत्रकांत मानवजातीचें कल्याण, ज्ञानाचा प्रसार असली भव्य वाक्यें असतात. त्यांवरून कोणाला किती मिळेल याचा कांहींएक अंदाज होत नाहीं. तक्त्यांत भव्य वाक्यांना जागा नाहीं. त्यांत मालमत्ता किती, विश्वस्त कोण, आणि त्या वर्षीं कोणकोणत्या संस्थेस कोणत्या कामासाठीं किती डॉलर दिले याची ओळीमागून ओळ असते. तीन वर्षांचे तक्ते शेजारीं मांडून वाचले कीं धन्याचा स्वभाव कळतो. आपल्याच गांवच्या कॉलेजास दरवर्षीं देणारा कोण, नव्या माणसाला एकदां लहान रक्कम देऊन पारखणारा कोण, हें दिसूं लागतें. शिवाय या तक्त्यांत एक लहानसा चौकोन आहे. आम्ही आधींच निवडलेल्या संस्थांनाच देतों, न मागवितां आलेले अर्ज घेत नाहीं, असें ज्या फाउंडेशनचें धोरण असेल त्यानें त्या चौकोनांत खूण करावयाची असते. अर्जदारानें सर्वांआधीं तो चौकोन पाहावा आणि खूण असल्यास आपला टपालखर्च वांचवावा.

पण १९६९ च्याच कायद्यांत परदेशी अर्जदाराला जाचणारी एक गोष्टही शिरली. अमेरिकन धर्मादाय संस्थेला पैसे देणें फाउंडेशनला सोपें राहिलें. परदेशी संस्थेला द्यावयाचे तर ती अमेरिकन धर्मादाय संस्थेच्या तोडीची आहे असें ठरवून घ्यावें, नाहींतर दिलेल्या पैशाच्या खर्चावर स्वतः देखरेख ठेवून सरकारला कळवावें, असें बंधन आलें. मोठ्या फाउंडेशनांना हें झेपतें. लहान फाउंडेशन त्या भानगडींत पडत नाहीं. पुण्याचा अर्ज बोस्टनच्या अर्जाइतकाच चांगला असूनही मागें पडतो याचें कारण पुष्कळदां या कलमांत असतें, अर्जाच्या इंग्रजींत नव्हे.

परदेशांचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. देशोदेशींच्या फाउंडेशनांची एकत्र निर्देशिका लंडनच्या युरोपा पब्लिकेशन्सनें १९७४ सालीं काढली. तिचे संपादक एच. व्ही. हॉडसन. हे नांव कोठें ऐकलें असें कांहीं वाचकांना वाटेल. १९४१-४२ त हिंदुस्थान सरकारचे रिफॉर्म्स कमिशनर होते ते हेच, आणि फाळणीवरील 'द ग्रेट डिव्हाइड' हा ग्रंथ लिहिणारेही हेच. साम्राज्याची वांटणी पाहिलेल्या माणसानें उतारवयांत दानाच्या वांटणीची वही लिहावी, हा योग मौजेचा खरा.

त्या वहींत हिंदुस्थानानें केवळ याचकाच्या रकान्यांत बसावें असेंही नाहीं. १९१२ सालीं मुंबईच्या सर रतन टाटांनीं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला वर्षाला १४०० पौंड देऊं केले, ते दारिद्र्याच्या कारणांच्या अभ्यासासाठीं. आणि त्या पैशावर आर. एच. टॉनी यांनीं इंग्लंडांतल्याच सांखळ्या घडविणाऱ्या मजुरांच्या मजुरीचा शोध केला. विलायतेंतील गरिबीची चौकशी मुंबईच्या पैशानें! १९३२ पासून लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठीं देशोदेशींच्या शास्त्रज्ञांस शिष्यवृत्त्या देत आला आहे. मेहेरबाई टाटा त्याच रोगानें १९३१ त वारल्या होत्या.

संगणक आला तो या सर्वांच्या मागून. न्यूयॉर्कच्या सेंटरची माहिती १९७० नंतरच्या दशकांत तारेवरून मोठ्या ग्रंथालयांस विकत मिळूं लागली. इंटरनेट आल्यावर ती घरांत आली. १९९४ सालीं व्हर्जिनियांत बझ श्मिट यांनीं दुसऱ्या टोंकापासून आरंभ केला. देणाऱ्यांचे नव्हेत तर घेणाऱ्या संस्थांचे हिशेब त्यांनीं जमविले, आणि त्यांतून 'गाइडस्टार' उभें राहिलें. २०१९ त या दोन्ही संस्था एक होऊन 'कँडिड' हें नांव धारण करत्या झाल्या. मात्र बारीक शोधाची सोय वर्गणीदारांसच, असा बंदोबस्त राहिला. वर्गणी न परवडणाऱ्यानें संलग्न ग्रंथालय गांठावें, आणि तीं ग्रंथालयें बहुतेक अमेरिकेंत. सरकारनें लोकांसाठीं उघडे केलेले तक्ते वाचण्यास लोकांनीं पैसे कां मोजावे, हा प्रश्न उरलाच होता. तो कार्ल मॅलमुड यांनीं कोर्टांत नेला. संगणकावरून भरलेले तक्ते संगणकाला वाचतां येतील अशाच रूपांत द्यावेत, त्यांचीं चित्रें काढून नव्हे, ही त्यांची मागणी कॅलिफोर्नियांतील कोर्टानें जानेवारी २०१५ त मान्य केली, आणि २०१६ त कर-खात्यानें लाखों तक्ते एकदम खुले केले. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या संकेतस्थळावर आज ते कोणालाही फुकट पाहतां येतात. येथेंही वही उघडविणारा माणूस याचक नव्हता.

काच पुन्हां धुरकटत चालल्याचेंही दिसतें. अमेरिकेंत पुष्कळ धनिक आतां स्वतंत्र फाउंडेशन न काढतां एखाद्या मोठ्या धर्मादाय संस्थेंत आपल्या नांवचें खातें उघडतात आणि कोणास द्यावें याचा सल्ला तिला देतात. त्या संस्थेच्या तक्त्यांत देणग्यांची यादी असते. कोणती देणगी कोणाच्या खात्यांतून गेली हें मात्र नसतें. अशीं खातीं १९३१ पासून आहेत, त्यांचा सुकाळ अलीकडचा. पॅटमनसाहेब हयात असते तर त्यांनीं याचा समाचार घेतला असता.

आतां थोडें घरचें. आमच्या ओळखीच्या एका लहान संस्थेपाशीं मोडी कागदांचे रुमाल आहेत आणि वाळवीची त्यांवर फार दिवसांची नजर आहे. चालकांना कोणीं सांगितलें कीं परदेशांतून असल्या कामाला पैसा मिळतो. एका मध्यस्थानें बरीचशी फी घेऊन दोनशें पत्त्यांची यादी दिली. चालकांनीं दोनशें पत्रें धाडलीं, आणि उत्तरें आलीं चार, तींही नकाराचीं. मग ते आमच्याकडे आले. आम्हीं यादी उघडून पाहिली, तर जवळजवळ निम्म्यांच्या तक्त्यांत त्या चौकोनांत खूण होती. तेव्हां शोध उलटा सुरू केला. ज्यांचे जुने कागद वांचले त्यांना पैसा कोणीं दिला, हें त्यांच्या अहवालांतून आणि ग्रंथांच्या प्रस्तावनांतून पाहूं लागलों. प्रस्तावनेंतील आभारांचा परिच्छेद सहसा कोणी वाचत नाहीं, पण पैशाचा शोध करणाराला तोच मुख्य ग्रंथ. दोन संध्याकाळींत आम्ही ब्रिटिश लायब्ररीच्या 'एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम'पाशीं येऊन पोंचलों. नष्ट होऊं पाहणाऱ्या जुन्या कागदांच्या प्रतिमा काढून ठेवण्यासाठीं २००४ पासून चाललेली ही योजना आर्केडिया या विश्वस्तनिधीच्या पैशानें उभी राहिली, आणि आजवर कोणास अनुदान दिलें ती यादी त्यांच्या संकेतस्थळावर उघडी आहे. चालक हरखून गेले.

त्यांचा हर्ष फार टिकला नाहीं. परदेशी देणगी घ्यावयाची तर गृहखात्याची नोंदणी हवी, आणि २०२० च्या नियमांप्रमाणें त्यासाठीं संस्थेनें मागील तीन वर्षांत कामावर पंधरा लाख रुपये खर्च केलेले असावे. ज्यांच्यापाशीं पंधरा लाख असते त्यांनीं वाळवीची वाट पाहिली असती काय? एका देणगीपुरती पूर्वपरवानगी मागण्याची सोय आहे. ती मागण्याच्या खटपटींत ते सध्यां आहेत.

हिंदुस्थानांतील वहीचा इतिहासही संशयाचाच आहे, पण त्याचें वळण निराळें पडलें. १९२० च्या कायद्यानें, एखाद्या सार्वजनिक निधीशीं ज्याचा संबंध आहे त्यानें कोर्टाकरवीं विश्वस्तांकडून हिशेब मागावा, असा हक्क दिला. मुंबई राज्याच्या १९५० च्या कायद्यानें धर्मादाय आयुक्त आणि त्यांची नोंदवही आली. परदेशी देणग्यांचा पहिला कायदा १९७६ चा, आणीबाणीच्या दिवसांतला. त्याच्या जागीं २०१० चा आला. परदेशी पैसा देशाच्या राजकारणांत शिरतो ही शंका त्यांच्या मुळाशीं आहे. ही शंका अवाजवी असें आम्ही म्हणत नाहीं. १८९३ च्या पुणेकरांना ती आली होती आणि १९५२ च्या अमेरिकनांनाही. त्या शंकेपोटीं संस्थांनीं गृहखात्याला द्यावयाचे वार्षिक तक्ते पुढें संकेतस्थळावर सर्वांना दिसूं लागले. कोणत्या देशांतून, कोणीं, कोणत्या संस्थेला किती रुपये दिले, हें त्यांत वाचतां येई. आणि सरकारच्या संशयासाठीं भरलेले हे तक्ते आमच्या लहान संस्थांना दात्यांची आयतीच निर्देशिका झाले होते. न्यूयॉर्कच्या त्या खोलींत जें घडलें तेंच येथें आपोआप घडूं लागलें होतें.

जुलै २०२२ मध्यें नियमांत दुरुस्ती झाली. दर तिमाहीला मिळालेल्या परदेशी देणग्या, दात्यांच्या तपशिलासह, संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्याचें कलम गळालें. तपासलेला वार्षिक जमाखर्च प्रसिद्ध करण्याचें बंधन राहिलें, पण त्याच महिन्यांत खात्याच्या संकेतस्थळावरून संस्थांचे वार्षिक तक्ते आणि नोंदणी रद्द झालेल्या संस्थांची यादी काढून घेण्यांत आली. संशय कायम राहिला. वही तेवढी मिटली. कंपन्यांनीं नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्चावा, या २०१४ पासून अमलांत आलेल्या कायद्याखालचे आंकडे सरकारी संकेतस्थळावर उघडे असतात, हें येथें सांगितलें पाहिजे. तेव्हां उघड्या वहीचें या देशाला वावडें आहे असें नव्हे.

कॉक्स समितीची चौकशी चालली होती त्याच १९५२ सालीं पुण्यास इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनीं मिळून विषाणु संशोधन केंद्र काढलें. म्हैसूर संस्थानांतील क्यासनूरच्या जंगलांत माकडें मरूं लागलीं, तेव्हां १९५७ सालीं त्या तापाचा विषाणु याच केंद्राच्या संशोधकांनीं ओळखला. आजची राष्ट्रीय विषाणु विज्ञान संस्था ती हीच. आम्हीं परवां सहज कुतूहल म्हणून रॉकफेलर फाउंडेशनचे त्या काळचे वार्षिक अहवाल संगणकावर उघडले. १९१३ पासूनचे सगळे तेथें ठेवलेले आहेत. पुण्यांतल्या संस्थेसाठीं न्यूयॉर्कहून सत्तर वर्षांपूर्वीं झालेल्या खर्चाचा माग आम्हांला घरच्या टेबलाशीं बसून काढतां आला. मग त्याच बैठकींत, आमच्या गल्लीच्या टोंकाशीं असलेल्या एका संस्थेला गेल्या वर्षीं परदेशांतून काय मिळालें तें पाहूं लागलों. गृहखात्याच्या संकेतस्थळावर संस्थेचें नांव मिळालें, नोंदणीचा क्रमांक मिळाला, आणि पुढें कांहीं नाहीं. शेवटीं उठून त्यांच्या कचेरींत गेलों. चिटणीस सभ्य गृहस्थ. त्यांनीं चहा दिला, आणि कपाटांतून हिशेबाची वही काढून आमच्यापुढें ठेवली.